हजेरीपटावर नसलेली मुलगी

२५ फेब्रुवारी २००० या दिवशी लंडनमधल्या हॅरिंगे कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या पालिकेच्या, समाजसेवा खात्याने एका मुलीची फाइल बंद केली. घरी तीनदा जाऊन दार वाजवलं, कुणी उघडलं नाही, तेव्हा कुटुंब तिथून निघून गेलं असावं, असा समज झाला होता. त्याच दिवशी दुपारी सव्वातीनला ती मुलगी पॅडिंग्टनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलात मरण पावली. वय आठ वर्षं, वर पुरते चार महिनेही नाहीत. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी तिच्या अंगावरच्या जखमा मोजल्या, त्या १२८ भरल्या.

तिचं नाव व्हिक्टोरिया क्लिंबिये. मी समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना हे प्रकरण दर वर्षी शिकवते आणि पहिल्याच तासाला हमखास प्रश्न येतो, ‘कुणालाच कसं कळलं नाही?’ खरं तर पुष्कळ जणांना थोडं थोडं कळलं होतं. चार कौन्सिलांची समाजसेवा खाती, पोलिसांची दोन बालसंरक्षण पथकं, दोन हॉस्पिटलं, मुलांसाठी काम करणाऱ्या एका जुन्या संस्थेचं केंद्र, बेघरांना घर देणाऱ्या कचेऱ्या, एवढ्या ठिकाणी ती दहा महिन्यांत पोचली होती. फक्त एक दार तिच्यासाठी लंडनमध्ये कधीच उघडलं नाही, ते शाळेचं. या प्रकरणाची चर्चा सहसा खात्याखात्यांतल्या विसंवादाभोवती फिरते. ती योग्यच आहे, पण माझं मन त्या न उघडलेल्या दाराशी अडतं.

व्हिक्टोरियाचा जन्म २ नोव्हेंबर १९९१ चा, आयव्हरी कोस्टमध्ये अबिजानजवळच्या आबोबोचा. सात भावंडांतली ती पाचवी. १९९८ च्या शेवटी वडिलांच्या नात्यातली, तिला आजी लागणारी मारी-तेरेझ कुआओ ही बाई फ्रान्सहून एका मयताच्या निमित्ताने गावी आली. एका मुलाला युरोपात नेते, चांगलं शिकवते, असं तिने सांगितलं. आई-बापांनी मुलगी पाठवली. हे वाचून ‘असं कसं पाठवतात?’ असं आपल्याकडच्या माणसाने तरी म्हणू नये. ‘शहरात शिकायला नेते’ या एका वाक्यावर पोर नातेवाइकाच्या हवाली करणारी घरं आपल्याला कोकणात, मराठवाड्यात, कुठेही सापडतील, आणि त्यातली बरीचशी मुलं खरोखरच शिकून मोठी झाली आहेत. तो विश्वास वेडगळ नव्हता. क्लिंबिये कुटुंबात तो चुकीच्या माणसावर पडला, एवढंच. कुआओने आधी दुसरीच मुलगी न्यायचं ठरवलं होतं. त्या अ‍ॅनाच्या नावाचा पासपोर्ट तयार होता, म्हणून व्हिक्टोरिया त्यावरच गेली. पुढे शेवटपर्यंत प्रत्येक कागदावर ती ‘अ‍ॅना’ होती आणि कुआओ तिची आई होती.

आता पॅरिसजवळच्या व्हिलपँतमध्ये काय झालं ते सावकाश बघण्यासारखं आहे. तिथे व्हिक्टोरियाचं नाव शाळेत घातलं होतं. डिसेंबर १९९८ मध्येच शाळेने गैरहजेरीबद्दल लेखी ताकीद द्यायला सुरुवात केली. फेब्रुवारी १९९९ पर्यंत शाळेने ‘मूल धोक्यात आहे’ अशी तातडीची सूचना काढली आणि एक सोशल वर्कर त्यात लक्ष घालू लागली. मार्चअखेर मुलगी शाळेत शेवटची दिसली तेव्हा डोकं भादरलेलं होतं आणि वर विग होता. तेही मुख्याध्यापिकेच्या नजरेतून सुटलं नाही. लंडनला नेऊन त्वचेवर उपचार करणार आहोत, असं कुआओने सांगितलं. म्हणजे नव्या देशात येऊन तीन-चार महिने होत नाहीत तोच एका साध्या प्राथमिक शाळेने ओळखलं होतं की काहीतरी बिनसलंय. त्या शाळेकडे खास पथक नव्हतं की गुंतागुंतीची कार्यपद्धती नव्हती. हजेरीपट होता, आणि रोज त्याच बाकाकडे बघणारी बाई होती.

२४ एप्रिल १९९९ ला दोघी लंडनला उतरल्या आणि तो हजेरीपट मागे राहिला.

ईलिंग कौन्सिलच्या समाजसेवा खात्यात कुआओ घर आणि पैसे मागायला एप्रिलअखेरीपासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत किमान चौदा वेळा गेली. त्यातल्या निदान सात वेळा व्हिक्टोरिया बरोबर होती. शाळेच्या वेळेत सात वर्षांची मुलगी कचेरीतल्या बाकावर बसलेली. एका कर्मचारी बाईला ती मदतनिधीच्या जाहिरातीतल्या उपाशी मुलांसारखी वाटली होती, हे त्यांनीच पुढे चौकशीत सांगितलं. आई मात्र नीटनेटकी, टापटीप. हा फरक डोळ्यांत भरला, पण कागदावर उतरला नाही. खात्याच्या लेखी हे ‘घराचं प्रकरण’ होतं. अर्जदार कुआओ होती आणि मुलगी तिच्यासोबत आलेली. ‘ही कुठल्या शाळेत जाते?’ हा प्रश्न विचारायला कुठलाही कायदा लागत नाही, प्रशिक्षणही लागत नाही. जूनमध्ये कुआओने तिला एका दवाखान्यात नोंदवलं. सध्या काही तक्रार नाही असं सांगितल्यामुळे तिथल्या नर्सने तिला तपासलं नाही.

त्याच महिन्यात कुआओच्या लांबच्या नात्यातल्या एका बाईने ब्रेंट कौन्सिलच्या समाजसेवा खात्याला निनावी फोन केला. मुलीच्या अंगावर खुणा आहेत, तिची काळजी वाटते, असं सांगितलं. तो फोन कागद होऊन टेबलावरून टेबलावर फिरत राहिला आणि जुलैत सोशल वर्कर कुआओ आणि मुलगी राहत होत्या त्या हार्ल्सडनच्या हॉस्टेलवर पोचल्या तोवर दोघी तिथून निघून गेल्या होत्या. कुआओची जूनमध्ये कार्ल मॅनिंग या बसड्रायव्हरशी ओळख झाली होती आणि ६ जुलैला ती मुलीला घेऊन त्याच्या टॉटनहॅममधल्या एका खोलीच्या फ्लॅटवर राहायला गेली. टॉटनहॅम हॅरिंगेच्या हद्दीत येतं. झाली तिसरी कौन्सिल.

दिवसा मुलीला सांभाळायला एक बाई ठेवल्या होत्या. १३ जुलैच्या रात्री व्हिक्टोरिया त्यांच्याकडेच राहिली. तिच्या अंगावरचे वळ पाहून बाईंच्या मुलीला राहवलं नाही. तिने आपल्या मुलाच्या शाळेतल्या, फ्रेंच जाणणाऱ्या एका शिक्षिकेला विचारलं आणि हॉस्पिटलला न्या, हा सल्ला तिथून मिळाला. लंडनमध्ये शाळा नावाच्या गोष्टीचा व्हिक्टोरियाशी आलेला संबंध एवढाच, दुसऱ्याच कुणाच्या मुलाच्या शिक्षिकेमार्फत.

१४ जुलैला सेंट्रल मिडलसेक्स हॉस्पिटलात तिला तपासणाऱ्या कनिष्ठ डॉक्टरने जखमा एकेक करून नोंदवल्या. या आपोआप झालेल्या नाहीत, असं त्यांचं मत पडलं. पोलिसांनी मुलीला न बघताच संरक्षणाखाली घेतलं. संध्याकाळी वरिष्ठ बालरोगतज्ज्ञांनी पाहिलं आणि खरूज असल्याचं निदान केलं. मुलीला खरूज असेलही, पण खरजेने अंगावर अशा सगळ्या खुणा उठत नाहीत. नंतर हॉस्पिटलातून समाजसेवा खात्याला गेलेल्या पत्रात बालसंरक्षणाचा काही प्रश्न नाही, असं लिहिलं होतं. समाजसेवा खातं पुढची चौकशी करेलच, असं वरिष्ठ डॉक्टरांनी धरलेलं. डॉक्टर म्हणतात काही नाही, मग काही नाही, असं समाजसेवा खात्याने आणि पोलिसांनी धरलेलं. दुसऱ्याच दिवशी मुलगी घरी. इथे मी वर्गात थांबते आणि विद्यार्थ्यांना विचारते, या साखळीत खोटं कोण बोललं? कुणीच नाही. प्रत्येकाने आपलं काम दुसऱ्याच्या भरवशावर अर्धं सोडलं आणि तो दुसरा पहिल्याच्या भरवशावर होता.

नऊ-दहा दिवसांत, २४ जुलैला ती पुन्हा हॉस्पिटलात. या वेळी नॉर्थ मिडलसेक्स, चेहरा आणि डोकं भाजलेलं. खाजेसाठी तिनेच अंगावर कढत पाणी ओतून घेतलं, ही कुआओची कहाणी. खरजेचं निदान आता तिच्या हाती आयतं उत्तर म्हणून आलं होतं.

या वॉर्डात व्हिक्टोरिया तेरा रात्री राहिली. तिच्या लंडनमधल्या आयुष्यातले बहुधा एवढेच दिवस बरे गेले. नर्सांचा तिच्यावर जीव जडला. त्यांनी तिला कपडे आणले, गुलाबी गमबूट आणले आणि ती ते घालून वॉर्डभर मिरवायची. एका फ्रेंच बोलणाऱ्या नर्सजवळ ती बोलायची. ही मुलगी म्हणजे उन्हाची तिरीप होती, अशा अर्थाचं त्या नर्सने पुढे सांगितलं. आणि हीच मुलगी कुआओ भेटायला आली की ताठ उभी राहायची, एकदा तर जागच्या जागी तिला लघवी झाली. आई-लेक न वाटता मालकीण आणि मोलकरीण वाटतात, हे नर्सांना जाणवलं होतं. अंघोळ घालताना पाठीवर पट्ट्याच्या बकलासारखे वळ दिसले होते. यातलं काही नोंदवहीत गेलं, बरंचसं गेलं नाही, कारण दुसरीने लिहिलं असेल असं पहिलीला वाटलं. तेरा दिवस रोज बघणाऱ्या माणसांना दिसलं ते हे. अर्ध्या तासाच्या भेटीत असं दिसत नाही.

अर्धा तास हा आकडा मी उगाच घेतलेला नाही. हॅरिंगेकडे प्रकरण सात महिने होतं. त्यात तिच्या सोशल वर्करने तिला चारदा पाहिलं आणि चारही भेटी मिळून तीस मिनिटंही भरत नाहीत. ही सोशल वर्कर तरुण होती. बारा प्रकरणांची मर्यादा असताना तिच्याकडे एकोणीस होती आणि तिच्या वरिष्ठांनी तिच्या नोंदी नीट वाचल्या नाहीत. पोलीस कॉन्स्टेबल खरजेची लागण होईल या भीतीने घरी गेलीच नाही. ६ ऑगस्टला मुलगी पुन्हा कुआओच्या हवाली झाली. १६ ऑगस्टच्या घरभेटीत ती नटवून-थटवून बसवलेली होती, बाहुलीशी खेळत होती. फ्लॅटचं काय करायचं, हाच बोलण्याचा विषय. ती शाळेत का नाही, हे तेव्हाही ऐरणीवर आलं नाही.

ऑक्टोबरच्या शेवटच्या भेटीत सोशल वर्करने कुआओला सांगितलं की गंभीर धोक्यात असलेल्या मुलांसाठीच कौन्सिल घराची सोय करते. १ नोव्हेंबरला कुआओ कचेरीत हजर, मॅनिंगने मुलीवर लैंगिक अत्याचार केल्याची तक्रार घेऊन. दुसऱ्या दिवशी तिने ती मागे घेतली. तो दुसरा दिवस व्हिक्टोरियाचा आठवा वाढदिवस होता. तक्रार मागे घेतली म्हणून चौकशीही मावळली. कुणी मुलीला बाजूला घेऊन, दुभाष्याला बसवून, तिच्या भाषेत तिचं म्हणणं ऐकून घेतलं नाही.

पुढचं मी थोडक्यात सांगते. त्या हिवाळ्यात ती बिनहीटरच्या न्हाणीघरात, टबात, हातपाय बांधून, प्लॅस्टिकच्या पिशवीत झोपत होती. २४ फेब्रुवारीला कुआओने तिला घेऊन टॅक्सी केली. ड्रायव्हरने मुलीची अवस्था पाहिली आणि गाडी परस्पर रुग्णवाहिका केंद्रावर नेली. हॉस्पिटलात पोचली तेव्हा शरीराचं तापमान २७ अंश होतं. हे प्रकरण चाळताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा खुपते. लांबच्या नात्यातली बाई, पोरं सांभाळणाऱ्या बाईंची मुलगी, टॅक्सीवाला, यांच्यापैकी कुणाचं ते काम नव्हतं, आणि तिघांनीही ते तत्काळ केलं.

जानेवारी २००१ मध्ये कुआओ आणि मॅनिंग दोघांनाही खुनाबद्दल जन्मठेप झाली. लॉर्ड लेमिंग यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी बसली. आरोग्य, पोलीस आणि समाजसेवा या तिन्ही कायद्यांखाली एकत्र नेमलेली अशी ही इंग्लंडमधली पहिलीच चौकशी. २८ जानेवारी २००३ ला अहवाल आला, १०८ शिफारशींचा. तिला वाचवता आलं असतं अशा बारा संधी त्यात दाखवल्या आहेत, आणि त्यातल्या एकीलाही असामान्य कौशल्य लागलं नसतं, असा निष्कर्ष आहे. मला या अहवालातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हे की कनिष्ठांवर खापर फोडून तो थांबत नाही. कोणाला काय ठाऊक होतं याची चौकशी वरच्या खुर्च्यांपर्यंत जाते. तिथली माणसं ‘हे माझ्यापर्यंत आलंच नाही’ म्हणत राहिली, याची अहवालाने कडक दखल घेतली आहे.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सरकारने ‘एव्हरी चाइल्ड मॅटर्स’ हा प्रस्ताव मांडला आणि २००४ चा बालक कायदा आला. तोपर्यंत कौन्सिलमध्ये शिक्षण खातं वेगळं असायचं आणि मुलांची सामाजिक देखभाल वृद्ध-अपंगांच्या सेवेबरोबर एका खात्यात असायची. नव्या कायद्याने प्रत्येक कौन्सिलमध्ये मुलांच्या सर्व सेवांसाठी एक संचालक नेमला, त्याच्याकडे शाळाही आणि बालसंरक्षणही. आरोग्यसेवा, पोलीस आणि कौन्सिल यांच्यावर सहकार्याचं बंधन घातलं. त्याबरोबरच सरकारने मुलाची गरज तपासायला सर्वांसाठी एकच अर्ज आणला आणि एका मुलामागे एक ‘मुख्य’ माणूस ठरवला. वस्त्यावस्त्यांत ‘शुअर स्टार्ट’ केंद्रं वाढवली, तिथे एका छपराखाली बालवाडी, घरी येणारी आरोग्य परिचारिका, पालकांना सल्ला, असं सगळं. या केंद्रांचा गुण उशिरा दिसला. त्यांच्या जवळ वाढलेली मुलं पुढे किशोरवयात हॉस्पिटलात कमी दाखल झाली आणि गरीब घरांतल्या मुलांचे शालेय निकाल सुधारले, असं नंतरच्या अभ्यासांत आढळलं. तोवर बहुतेक केंद्रांचा पैसा आटला होता.

सर्वांत जास्त वाद झाला तो ‘कॉन्टॅक्टपॉइंट’वर. इंग्लंडमधल्या सुमारे १ कोटी १० लाख मुलांची ही सामायिक यादी. त्यात प्रकरणाचा तपशील नव्हता, फक्त नाव, पत्ता, जन्मतारीख, पालक, शाळा, डॉक्टर आणि मुलाशी संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्याचा संपर्क. ‘शाळा’ हा रकाना रिकामा दिसला असता तर? मी हा प्रश्न विद्यार्थ्यांना टाकते आणि मग उलट बाजूही मांडते. व्हिक्टोरिया ‘अ‍ॅना’ या नावाने फिरत होती. देशात आल्याचं कुठल्या यादीला कळलं असतं? आणि सगळ्या मुलांची माहिती लाखो कर्मचाऱ्यांसमोर उघडी ठेवणं यात धोका नाही का? हे आक्षेप पोकळ नव्हते. यादी उभारायला २२ कोटी ४० लाख पौंड खर्च झाला आणि ऑगस्ट २०१० मध्ये नव्या सरकारने ती बंद केली. मला ते पटत नाही. कोण किती पाहू शकेल यावर बंधनं वाढवता आली असती, पण रिकामा रकाना दाखवणारी दुसरी सोय न करता ती मोडली.

नवी रचना उभी राहत असतानाच ऑगस्ट २००७ मध्ये सतरा महिन्यांचा पीटर कॉनली घरातल्या छळाने गेला. कौन्सिल तीच, हॅरिंगे. आठ महिन्यांत साठ वेळा कुणी ना कुणी अधिकारी, डॉक्टर किंवा नर्सने त्याला पाहिलं होतं. खाती आता एका संचालकाखाली होती, मुलाची फाइल होती, भेटी होत होत्या. मात्र हजेरीपट त्याच्याही वाट्याला नव्हता. तो शाळेच्या वयाचा नव्हताच.

हे आपल्याकडे लागू कसं करायचं, असं विद्यार्थी विचारतात तेव्हा मी शाळा सोडल्याच्या दाखल्याचा विषय काढते. तो कागद आपण पालकाच्या हातात देतो आणि मोकळे होतो. पोर दुसऱ्या गावच्या शाळेत पोचलं का, हे विचारणारा फोन किती शाळांतून जातो? व्हिलपँतच्या शाळेनेही आपलं काम चोख केलं होतं, पण तिचा कागद खाडी ओलांडून पलीकडे वाट बघणाऱ्या कुणाच्या हाती गेला नाही.

२०१७ च्या इंग्लिश कायद्याने बालसंरक्षणाची जबाबदारी तीन भागीदारांवर टाकली, कौन्सिल, आरोग्य यंत्रणा आणि पोलीस. शाळा या तिघांत नाही, तिला ‘संबंधित संस्थां’त बसवलं. म्हणजे मुलाला दिवसाला सहा तास बघणारी जागा बैठकीला बोलावली तर येणार. हे मला धडधडीत चुकलेलं वाटतं.

दहा वर्षांच्या सारा शरीफचं प्रकरण त्यानंतरचं, सरे परगण्यातल्या वोकिंगचं. मार्च २०२३ मध्ये शाळेने तिच्या चेहऱ्यावरचे वळ पाहून समाजसेवा खात्याला कळवलं. शिक्षकांनी पाहिलं, लिहिलं, कळवलं, अगदी व्हिलपँतसारखं. खात्याने काही दिवसांत फाइल बंद केली. एप्रिलमध्ये बापाने आता घरीच शिकवतो म्हणून तिचं नाव शाळेतून काढलं. ऑगस्टमध्ये ती मेलेली सापडली. डिसेंबर २०२४ मध्ये बाप आणि सावत्र आई खुनाबद्दल दोषी ठरले, आणि ज्या दिवशी त्यांना शिक्षा सुनावली गेली त्याच दिवशी सरकारने संसदेत मुलांचं कल्याण आणि शाळा यांविषयीचं विधेयक मांडलं. शाळेत नसलेल्या प्रत्येक मुलाची नोंदवही, सर्व सेवांना जोडणारा एकच ओळखक्रमांक, स्थानिक बालसंरक्षणात शिक्षणाला हक्काची जागा, हे सगळं त्यात होतं. बालसंरक्षणाची चौकशी चालू असलेल्या मुलाला घरी शिकवायचं असेल तर कौन्सिलची परवानगी घ्यावी लागेल, असंही कलम होतं. साराचं नाव त्या नोंदवहीत आलं असतं. परवानगीचं कलम मात्र तिला लागू झालं नसतं. तिची फाइल तोवर बंद झालेली होती.